थंड पेटीतला पावसाळा

चिवडा सादळतो, भिंतीला ओल येते, मिठाला पाणी सुटते, अंथरूण सर्द होते, लोणच्यावर बुरा धरतो, पितळी भांड्यातले ताक कळकते, विळीला गंज चढतो आणि गव्हावर तांबेरा पडतो. इतके शब्द ज्या भाषेत आहेत ती भाषा बोलणाऱ्यांनी ओलीचा छळ पिढ्यान् पिढ्या सोसला असला पाहिजे. एखाद्या समाजाला कशाचा त्रास आहे हे जाणून घ्यायचे असेल तर त्याचा शब्दकोश उघडावा, असे मी वर्गात मुलांना नेहमी सांगतो. वरच्या यादीतला ‘तांबेरा’ तर मला फार अर्थपूर्ण वाटतो. गव्हावरचा तांबेरा ही वास्तविक बुरशी. पण तिला नाव मिळाले ते गंजाच्या रंगाचे. शास्त्रज्ञ म्हणेल, बुरशी सजीव आणि गंज निर्जीव, त्यांचे नाते कसले लावता? नाते एवढेच, की दोघांना घरात बोलावणारी बाई एकच. तिचे नाव ओल.

या ओलीपासून सुरक्षित अशी घरात एकच जागा आहे, अशी आपली प्रामाणिक समजूत असते. ती जागा म्हणजे फ्रीज. बाहेर नासते ते आत टिकते, एवढा आपला त्याच्यावर विश्वास. गोदरेज कंपनीने १९५८ साली या देशात फ्रीज बनवला तेव्हा ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मिरवायची वस्तू होती. पुढे तो हप्त्याहप्त्याने मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात आला आणि आता घरातल्या माणसांइतकाच घरचा झाला. पण ज्याला आपण नासण्यावरचा उपाय म्हणून आणले, त्याच्याच दाराच्या घडीत श्रावणात काळे ठिपके दिसू लागतात, भाजीच्या खणाखाली पाणी साचते आणि पायाशी तांबडी पूड पडू लागते. गृहिणी म्हणते, “यंत्र बिघडले.” यंत्र बहुधा बिघडलेले नसते. यंत्रात पावसाळा शिरलेला असतो.

आमच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात तो जरा जास्तच शिरतो. एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मलंगगड आणि मधून वाहणारी उल्हास नदी. समुद्राकडून आलेला ढग डोंगराला टेकला, की ओझे आमच्या डोक्यावर उतरवून ठेवतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत जागा मिळाली आणि १९४९ साली त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. नदीचे नाव गावाला मिळाले. सिंधच्या कोरड्या हवेतून आलेल्या त्या माणसांना इथला पहिला श्रावण कसा वाटला असेल याची कल्पनाच करावी. पापड हा ज्यांच्या ताटातला जिवलग, त्यांना जुलैत पापड वाळवण्याची पंचाईत! अंबरनाथचे शिवमंदिर इसवी सन १०६० चे. त्याच्या काळ्या दगडाने साडेनऊशेहून अधिक पावसाळे अंगावर घेतले. तिथे आपल्या पत्र्याच्या पेटीने पाचव्या पावसाळ्यात कुरकुर केली तर तिला दोष कोणी द्यावा?

आता थोडे गणित करू. ते तोंडी होण्यासारखे आहे. पावसाळ्यात बाहेर तीस अंश उष्णता आणि हवेत नव्वद टक्के दमटपणा असला, तर एका घनमीटर हवेत सुमारे सत्तावीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. तीच हवा पाच अंशांवर आणली तर ती जेमतेम सात ग्रॅम धरू शकते. उरलेल्या वीस ग्रॅमांनी जायचे कुठे? ते थंड भिंतीवर, बाटलीवर, झाकणावर दव होऊन बसते. आपला फ्रीज दोनशे लिटरचा धरला आणि दार उघडताच आतली निम्मी हवा बाहेर पडून बाहेरची आत आली असे मानले, तर प्रत्येक वेळी सुमारे दोन ग्रॅम पाणी आपण स्वतःच्या हाताने आत सोडतो. दूध काढा, दूध ठेवा, मुलांनी उगीच उघडून आत बघा, असे दिवसातून पन्नास वेळा झाले की शंभर ग्रॅम, म्हणजे अर्धी वाटी पाणी झाले. त्यात गरम आमटीचे उघडे पातेले ठेवले तर तिची वाफ वेगळी. म्हणून पहिला नियम असा, की जे ठेवायचे ते निववून आणि झाकून ठेवावे, आणि काय काढायचे आहे ते दार उघडण्यापूर्वीच ठरवावे.

हे पाणी बाहेर जाण्याची सोय यंत्र करणाऱ्यांनी केलेली असते. साध्या एकदारी फ्रीजमध्ये ते वरच्या बर्फाच्या खणावर गोठते. कळ दाबली की वितळून मागच्या नळीने खाली उतरते. बर्फ न धरणाऱ्या फ्रीजमध्ये पंखा हवा फिरवतो, लपलेल्या नळ्यांवर हिम धरते, ठरावीक वेळाने आतली लहानशी शेगडी ते वितळवते आणि पाणी पुन्हा खालीच जाते. दोन्हींचे पाणी शेवटी यंत्राजवळच्या एका तबकात जमते आणि तिथल्या उष्णतेने उडून जाते. सोय उत्तम आहे. पण नळीच्या तोंडाशी कोथिंबिरीचे एक पान अडकले की सगळे पाणी भाजीच्या खणाखाली. हे भोक महिन्यातून एकदा कोमट पाण्याने मोकळे करावे. त्यात लोखंडी तार मात्र खुपसू नये. मागचे तबक तर अनेक घरांत फ्रीज आला त्या दिवसानंतर कोणी पाहिलेलेच नसते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि या तबकाइतकी निवांत जागा त्याला दुसरी मिळणे कठीण. आठवड्यातून एकदा ते पुसून कोरडे करणे ही टापटीप नव्हे, आरोग्याची बाब आहे.

बुरशीचा खरा बालेकिल्ला म्हणजे दाराभोवतीचा रबराचा पट्टा. या पट्ट्याची कथा ऐकण्यासारखी आहे. पूर्वीच्या फ्रीजला बाहेरून कडी असे. टाकून दिलेल्या फ्रीजमध्ये लपाछपी खेळताना मुले आत अडकत. आतून ढकलून कडी निघत नसे. अमेरिकेत असे कित्येक जीव गेल्यावर १९५६ साली कायदा झाला, की फ्रीज आतून उघडता आलाच पाहिजे. मग कडीच्या जागी लोहचुंबक घातलेला रबरी पट्टा सर्रास आला. आज आपले दार मऊ आवाज करून चिकटते ते त्या मुलांच्या मरणातून शिकलेल्या शहाणपणामुळे. कडीचा जुना फ्रीज कोणाकडे गच्चीत पडला असेल तर त्याचे दार आजच काढून ठेवावे. उद्यावर टाकण्याचे ते काम नाही.

तर हा पट्टा. त्याच्या घड्यांत दव साचते, दुधाचा थेंब आणि सरबताचा ओघळ मुरतो, आणि बुरशीला याहून निराळे काय हवे असते? थंडीने ती मरत नाही, फक्त तिची वाढ मंदावते. पट्टा काळा पडला की कडक होतो, कडक झाला की नीट चिकटत नाही, फटीतून दमट हवा सतत आत येते आणि त्या हवेतून आणखी बुरशी. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र वाढत जाते. परीक्षा सोपी आहे. कागदाचा एक कपटा दारात धरून दार लावावे आणि ओढून पाहावा. सहज सुटला तर तिथे फट आहे. किंवा रात्री दिवे घालवून पेटता टॉर्च आत ठेवावा; जिथून उजेड झिरपेल तिथून हवाही झिरपते. पट्टा मळला असेल तर निम्मे व्हिनेगर आणि निम्मे पाणी घेऊन जुन्या दात घासायच्या ब्रशाने घडीघडीतून घासावा आणि कोरड्या फडक्याने टिपावा. कडक झालेला पट्टा गरम पाण्याच्या फडक्याने शेकला तर पुष्कळदा मऊ होऊन पुन्हा बसतो. फाटला असेल तर बदलावा. नव्या पट्ट्याचा खर्च नव्या फ्रीजच्या मानाने किरकोळ. आतल्या भिंतींना लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा पुरे. आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो: कपडे पांढरे करण्याचे ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि लहानशा स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो.

आमच्या इमारतीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. नवा फ्रीज घेतल्यावर त्यांनी जुना विकला नाही. बंद गॅलरीत नेऊन ठेवला. मुलगा आणि जावई शनिवारी येतात, त्यांच्या बिअरच्या बाटल्या त्यात राहतात. दारूबंदीच्या कडक अमलाच्या दिवसांत ज्या घरांनी बाटलीचा उच्चारही केला नसता, त्या घरांत आता तिला स्वतंत्र खोली मिळाली आहे. त्यावर भाष्य करणे हा या सदराचा विषय नव्हे. काकूंची तक्रारही निराळीच होती.

“सर, बाटल्यांचे मी काही बोलत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तो वास! आणि परवा फरशी पुसताना दाराला हात लागला तर हाताला मुंग्या आल्या.”

“वीज वाचावी म्हणून मी बटण अगदी कमीवर ठेवतो,” काका म्हणाले. “बिअरला तेवढे पुरते.”

मुंग्यांकडे मी नंतर वळतो. आधी वास. आत पाहिले तो बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासकट ठेवलेल्या. खोके पोळीसारखे मऊ झालेले. लेबले घसरलेली, पत्र्याच्या बुचांभोवती तांबडे कडे आणि पट्ट्यावर काळी नक्षी. बटण कमीवर ठेवले म्हणजे यंत्र थोडाच वेळ चालते. त्याची थंडी दव पाडण्याइतकी असते. पण ते दव गोठवून बाजूला काढण्याइतकी नसते. पाणी आत येते आणि तिथेच राहते. त्यातून आठवडाभर दार बंद, वारा नाही. पुठ्ठा हा वनस्पतीच्या तंतूंचा, म्हणजे बुरशीचे आवडते अन्न. शिवाय तो पाणी धरून ठेवणारा बोळाच. कोणी म्हणते, बुटांच्या खोक्यात येतात त्या वाळवणाऱ्या दाण्यांच्या पुड्या ठेवा. ते दाणे आपल्या वजनाच्या फार तर तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी पितात. दोन-चार ग्रॅमची पुडी त्या दवापुढे काय करणार? फट बुजलेली असेल तर भरपूर दाण्यांचा उपयोग आहे, नाहीतर तो समुद्र ओंजळीने उपसण्याचा उद्योग. उपाय साधाच निघाला. पुठ्ठा बाहेर गेला, बाटल्या पुसून आणि हवा खेळेल अशा अंतराने आत गेल्या, बटण मधोमध आले आणि पट्टा धुतला गेला. बुचाखालचा गंज बाटलीच्या ओठाला लागतो, म्हणून उघडण्यापूर्वी तो पुसून घ्यावा, हेही जावईबुवांना सांगण्यात आले.

बिअरचे सोडा, अनेक घरांत त्याच खणात आजोबांचे इन्सुलिन असते. न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, आणि गोठली तर ती निरुपयोगी होते. म्हणून ती बर्फाच्या खणाला चिकटवून ठेवू नये. कागदी खोके ओले होऊन त्यावरची तारीख पुसली जाते, तेव्हा ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पावाच्या एका कोपऱ्याला बुरशी दिसली तर तेवढा कोपरा काढून उरलेला खाण्याची काटकसर करू नये. मऊ पदार्थात तिचे तंतू डोळ्याला दिसतात त्याच्या पलीकडे गेलेले असतात.

आता गंज. आपल्या आज्यांना धातूचे हे शास्त्र पाठ होते. पितळी पातेल्यात ताक ठेवले की ते कळकते, म्हणजे ताकातले आम्ल तांबे विरघळवते आणि ते पोटाला बाधते. म्हणून दारावर कल्हईवाला येई. भाता फुंकून भांडे तापवी, नवसागर टाकून घाण काढी आणि कथलाचा एक चकचकीत पापुद्रा आतून फिरवी. भांडे आणि ताक यांच्यामध्ये तो पापुद्रा पहारा करी. पापुद्रा झिजला की पुन्हा कल्हई. फ्रीजच्या पत्र्यावरचा रंग ही त्याची कल्हईच आहे. तिला चरा पडला, टवका उडाला, की लोखंड, पाणी आणि हवा यांची गाठ पडते. तांब्यावरचा हिरवा किंवा ॲल्युमिनियमवरचा पांढुरका थर धातूला घट्ट चिकटून उलट त्याचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र पापुद्र्यांनी सुटतो आणि आतले ताजे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. मीठ लागले की हे काम दुप्पट उत्साहाने चालते. दिल्लीचा लोहस्तंभ दीड हजाराहून अधिक वर्षे उभा आहे याचे कारण त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्याने चिकट संरक्षक थर धरला आहे, आणि दिल्लीची हवा कोरडी आहे. त्याला विमको नाक्यावर आणून उभा केला असता तर त्याचीही कसोटी लागली असती!

गंज कुठे शोधावा? दाराच्या खालच्या कडेला, खालच्या बिजागरीशी, पायांशी, आणि जाळीच्या फळीचे प्लास्टिक जिथे सोलले असेल तिथे. आणखी एक जागा आहे, ती आपल्या हौसेची. फ्रीजच्या डोक्यावर खिशांचे कव्हर, त्यावर फुलदाणी, मुठीला कापडी मोजा. ओल्या हाताने धरून धरून तो मोजा कधीच वाळत नाही. बुरशी त्यात सुखाने नांदते आणि कव्हराखाली पत्रा गंजतो. पावसाळ्याचे चार महिने ही नटवण काढून ठेवावी. गंज दिसला तर त्यावर नुसता रंग फासू नये, कारण आत तो चालूच राहतो. उघडिपीचा दिवस पाहून, प्लग काढून, चकाकता धातू दिसेपर्यंत पॉलिश-कागदाने घासावे, पूर्ण वाळवावे, आधी रेड ऑक्साईडचा हात द्यावा आणि मग रंगाचे दोन. पाया फरशीवर टेकवण्याऐवजी स्टँडवर घ्यावा. पुढचे पाय किंचित उंच ठेवले तर दार आपोआप मिटते. एक मोठी सूचना: बर्फ सुटावा म्हणून सुरी चालवू नये आणि बाजूच्या भिंतीला भोक पाडू नये. आत वायूच्या नळ्या असतात, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमधला वायू पेट घेणारा असतो.

आता काकूंच्या मुंग्या. त्या मुंग्या नव्हेत, विजेचा इशारा आहे. दमट हवेत जुन्या तारांवरचे आवरण ओलसर होते, वीज पत्र्यात झिरपते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस तिला जमिनीकडे जायची वाट होतो. त्यासाठीच प्लगला तिसरा, जाड पाय असतो. काकांच्या गॅलरीत दोनच भोकांची खोबणी होती, म्हणून कोणीतरी मधे जोड घालून तिसरा पाय निकामी केला होता. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगची तार ओढली, आणि तीस मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारे छोटे यंत्र फळीवर बसवले. वास तर गेलाच. पण घरातले एक माणूस वाचले असेही म्हणता येईल. ज्या घरात फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तिथे हे वाचून झाल्यावर नव्हे, आत्ताच प्लग काढावा.

पुराची गोष्ट वेगळी सांगायला नको. २६ जुलै २००५ चा दिवस या पट्ट्यात कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी सोडवावे लागले. अशा पुरात तळमजल्यावरचे फ्रीज होडीसारखे तरंगतात. पाणी ओसरल्यावर “चालतो का पाहू” म्हणून प्लग लावणे हा सर्वांत धोक्याचा क्षण. कारागिराने यंत्र आणि तारा तपासून वाळवल्याशिवाय तो लावू नये. भिंतींच्या आत पाणी मुरलेले असेल तर हप्ते शिल्लक असले तरी त्याचा मोह सोडावा. आतले अन्न, झाकलेले असले तरी, टाकून द्यावे.

खंडेनवमीला आपण हत्यारे आणि अवजारे पुसून त्यांची पूजा करतो. मला वाटते, वर्षातून एकदा तरी लोखंडावरचा गंज उतरावा म्हणून कोण्या शहाण्याने ही रूढी घातली असावी. सुतार वाकस पुजतो, लेखक लेखणी पुजतो. पुढच्या वर्षीपासून आपण फ्रीजलाही त्यात घ्यावे. पाऊस सरलेला असतो, ऊन पडलेले असते. नळी, तबक, पट्टा आणि पाय यांना त्या दिवशी तासभर द्यावा आणि मगच झेंडूचे फूल.

या वर्षीची खंडेनवमी तर होऊन गेली. पण दिवाळीच्या सुटीत गावी जाण्यापूर्वी एवढे अवश्य करा. दोन दिवसांसाठी जात असाल तर फ्रीज चालूच राहू द्या. पंधरा दिवस घर बंद राहणार असेल तर तो रिकामा करा, प्लग काढा, आतून पुसून वाळवा आणि दार लावू नका. दाराच्या फटीत दुमडलेला टॉवेल अडकवून ठेवा. बंद केलेला आणि दार मिटलेला फ्रीज म्हणजे बुरशीला दिलेली वतनाची जहागीर. भाऊबीज उरकून परत याल तेव्हा आधी प्लग लावा, दोन तास थंड होऊ द्या, आणि मग गावाहून आणलेले दही आत ठेवा. झाकण लावून!